चोवीस तारखेपर्यंत

“बाबा, इकडे बघा. दिवाळीचा किल्ला!”

मृणाल भर गर्दीत एकदम थांबली. मागून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. मी दोघींच्या मधे शिरलो आणि हात पसरून उभा राहिलो. बाई काहीतरी बोलली. मी हललो नाही.

“अहो बाबा, सॉरी म्हणाली ती. हात खाली घ्या, लोक बघतायत.”

“बघू देत. तू कडेनं चाल.”

मृणालला आठवा महिना होता. बार्सिलोनात मोठ्या चर्चसमोरच्या पटांगणात नाताळाआधी जत्रा भरते, ती बघायला आम्ही दुपारचे आलो होतो. मला यायचंच नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं चालायला सांगितलंय म्हणत तिनं मला घराबाहेर काढलं होतं.

आधी दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा सातव्या. दुसऱ्या खेपेला इंदू, माझी बायको, बाळंतपणासाठी म्हणून इथं आली होती. ती लवकरच परत आली. मी तिला आणायला विमानतळावर गेलो होतो. तिथून मिरजेला घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

या खेपेला इंदूच नव्हती. जुलैमध्ये ती गेली. मृणालला पुन्हा दिवस गेलेत हे तिला कळलं होतं, तेव्हा ती दवाखान्यातच होती. मग डिंक, अळीव, खारीक, सुंठ असं सगळं बांधून मी आलो. माझी सगळी नोकरी वीज मंडळात लाइनमन म्हणून झाली. पावसात खांबावर चढायला मी कधी कचरलो नाही. पण बाळंतपणातलं मला काय कळणार? इंदूनं खाटेवर पडल्या पडल्या जे सांगितलं होतं तेवढं मी धरून बसलो होतो.

“मूल हाताशी येईपर्यंत घरात काही आणू देऊ नका,” असं ती म्हणाली होती. “अंगडी-टोपडी नको, खेळणं नको, पाळणा तर नकोच. आणि नवीन कापडात गुंडाळायचं नाही. माझी फिकी हिरवी साडी घेऊन जा, ती धुऊन धुऊन मऊ झालीय. तिची दुपटी करा. कात्री लावू नका. उभ्या धाग्यानं टरकवा, सरळ फाटते.”

साडी मी आणली होती. बॅगेच्या तळाशी, माझ्या कपड्यांखाली घालून ठेवली होती. आईची साडी बघून मृणाल रडेल, तिला त्रास होईल, म्हणून तिला काही बोललो नव्हतो. मीही ती काढून बघितली नव्हती.

तर त्या जत्रेत मृणाल एका दुकानापुढं उभी होती, आणि तिथं खरंच आपला दिवाळीचा किल्ला होता. झाडाच्या सालींचे डोंगर, त्यांवर शेवाळ, चांदीच्या कागदाची नदी. मातीची माणसं. मेंढ्या घेतलेला धनगर, नदीवर धुणं धुणारी बाई, विहीर, कोंबड्या. मिरजेत दिवाळीच्या आधी मावळे आणि गवळणी विकायला मांडतात, तशीच ही मांडली होती.

“येशूच्या जन्माचा देखावा आहे हा,” मृणाल म्हणाली. “घरोघरी करतात. आणि हा बघा, याची तर मजाच आहे.”

तिनं मातीचं एक चित्र उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. लाल टोपीवाला शेतकरी होता. विजार खाली करून उकिडवा बसला होता.

“हा काय करतोय?”

“शी करतोय.”

“देवाच्या दारात?”

“दारात नाही हो, मागच्या बाजूला ठेवतात. जमिनीला खत मिळतं, वर्ष चांगलं जातं म्हणे. याच्याशिवाय देखावा पुरा होत नाही.”

“आपल्याकडं इतकी वर्षं किल्ले केले,” मी म्हणालो, “पण मावळ्यांची ही सोय कुणी केली नाही खरी.”

मृणाल हसायला लागली. हसता हसता तिनं एक हात पोटाला लावला.

“बाबा, नका हो हसवू. पोट दुखतंय.”

“दुखतंय? कुठं दुखतंय? खाली का वर?”

“हसून दुखतंय!”

दुकानातली बाई आमच्याकडं बघत होती. साठीची, ठेंगणी, खांद्यावर लाल शाल, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. तिनं मृणालच्या पोटाकडं बोट केलं आणि काही विचारलं. मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मी मृणालच्या पाठीशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के अंगावर घेत होतो. त्या काय बोलतायत तिकडं माझं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी कळलं नसतं. शेवटी बाईनं एकेक चित्र कागदात गुंडाळून पिशवीत घातलं. पिशवी मी घेतली.

“काय घेतलंस?”

“फार काही नाही. एक छोटा देखावा. आपल्या टेबलावर राहील.”

देवाचं आहे, बाळाचं नाही, म्हणून मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. चहा घेऊन बाहेर आलो तोवर मृणालनं सगळं टेबलावर मांडलं होतं. एक गोठा. त्यात आई एका बाजूला गुडघ्यावर बसलेली, बाप दुसऱ्या बाजूला काठी घेऊन उभा. मागे बैल आणि गाढव. कोपऱ्यात तो उकिडवा बसलेला शेतकरी, त्याचं तोंड भिंतीकडं केलेलं. आणि सगळ्यांच्या मधोमध माझ्या अंगठ्याएवढा एक लाकडी पाळणा, खाली गोल पट्ट्या लावलेला. बाकी सगळे पाळण्याकडं बघत होते. पाळण्यात काही नव्हतं.

“अगं, यात बाळ कुठाय?”

“आत्ता नसतं बाबा,” ती म्हणाली. कप घेतला आणि उठली. “मी जरा पडते.”

ती खोलीत गेली. जाताना टेबलाला तिचा धक्का लागला आणि तो पाळणा डुलायला लागला. मी बोट लावून थांबवला. रिकामा पाळणा हलवू नये असं आमच्याकडं म्हणतात. आमच्याच कशाला, सगळीकडं म्हणतात. इंदू तर शेजाऱ्यांच्या घरातला हलताना दिसला तरी उठून धरायची.

आत्ता नसतं म्हणजे काय, मला कळेना. दुकानदारीण विसरली असणार आणि पोरगी मला काळजी नको म्हणून काहीतरी सांगतेय, असं मी धरलं. पाळणा मी तिथून उचलला आणि स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यामागं सरकवून दिला. मग भाजी चिरायला बसलो. पण लक्ष लागेना. तो पाळणा मीच पिशवीतून वाहून आणला होता. घरात काही आणू देऊ नका असं सांगून ती गेली, आणि मी आणला तो पाळणा, तोही रिकामा.

“बाबा.”

मृणालनं हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता. मी आत गेलो. ती डाव्या कुशीवर पडून होती आणि हात पोटावर होता.

“जत्रेतून आल्यापासून हललं नाहीये.”

“झोपलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. गोड खाऊन बघितलं. गार पाणी प्यायले. कूस बदलली. या वेळेला रोज नुसता धुमाकूळ घालतं.” ती माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. “मागच्या वेळीही असंच झालं होतं बाबा. आईला मी उशिरा सांगितलं होतं.”

मी हर्षदरावांना, माझ्या जावयांना, फोन लावला. ते ऑफिसातून टॅक्सी करून आले आणि तीच टॅक्सी खाली थांबवून ठेवली. कोट काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

“बाबा, तुम्ही घरी थांबा. आत एकालाच सोडतात. मी फोन करतो.”

“करा. काहीही असलं तरी करा.”

दारातून बाहेर पडताना मृणाल टेबलापाशी थबकली.

“पाळणा कुठाय?”

“आवरून ठेवला.”

ती काहीतरी बोलणार होती. पण हर्षदरावांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. ती गेली.

मी खुर्चीवर बसलो. उठलो. गॅलरीत जाऊन आलो. फोन नीट चालतोय का बघितला. टेबलावर ती आई आणि बाप मधल्या मोकळ्या जागेकडं बघत बसले होते. ते मला बघवेना. मी कणकेच्या डब्यामागून पाळणा काढला, खिशात घातला, किल्ली घेतली आणि खाली उतरलो.

आमच्या इमारतीखाली रियासतचं दुकान होतं. दूध, भाजी, फोनची कार्डं, सगळं त्याच्याकडं मिळायचं. तो पाकिस्तानातला, सियालकोटकडचा. माझी हिंदी मिरजेची, त्याची त्याच्या गावाकडची, पण रोज दूध घेता घेता आमचं जमलं होतं. त्या शहरात मी बोलू शकेन असा घराबाहेरचा तो एकच माणूस.

“अंकलजी, इस वक़्त? दूध ख़तम हो गया?”

“दूध नहीं. मेरे साथ चलो. उस बाई ने बच्चा नहीं दिया.”

रियासतनं हातातली टोमॅटोची पेटी खाली ठेवली. “किसका बच्चा?”

मी खिशातून पाळणा काढून त्याच्यापुढं धरला. जत्रेत काय घेतलं, काय राहिलं, जमेल तसं सांगितलं. त्याला माझं निम्मं कळलं नसावं. मग त्यानं विचारलं, “और बिटिया कैसी है?”

“अस्पताल गई है. बच्चा हिलता नहीं.”

त्यानं आतल्या भावाला ओरडून काही सांगितलं, अंगात जाकीट घातलं आणि बाहेर आला.

बाहेर अंधार झाला होता आणि दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. दुपारपेक्षा गर्दी दुप्पट. मी पुढं, रियासत मागं. मी फोन हातातच धरला होता.

“फ़ोन जेब में रखो अंकलजी. यहाँ छीन लेते हैं.”

“जेब में रखा तो बजेगा वो सुनाई नहीं देगा.”

त्यानं माझं कोपर धरलं. तसंच धरून आम्ही पटांगणापर्यंत चाललो.

आणि तिथं मला दुकानच सापडेना. सगळी दुकानं सारखी. सगळीकडं डोंगर, सगळीकडं शेवाळ, सगळीकडं ते उकिडवे बसलेले शेतकरी रांगेनं. मी एका ओळीतून गेलो, दुसऱ्या ओळीतून आलो. एका दुकानात पाळणा दाखवला, तर तिथल्या माणसानं मान हलवून पुढं जायची खूण केली. एवढ्यात फोन वाजला असं वाटलं. वाजला नव्हता, कुठंतरी घंटा वाजवून गाणी म्हणत होते. तिकडं मशीन लावलं असेल. तिकडं डॉक्टर हर्षदरावांना बाजूला घेऊन काही सांगत असेल. आणि इकडं ते बाळ दुकानात पडलंय, ते आपण घेऊन जायला पाहिजे. याच्यापलीकडं माझ्या डोक्यात काही नव्हतं.

मग लाल शाल दिसली. बाई दुकानावर कापड टाकायच्या तयारीत होती.

“बाळ!” मी पाळणा तिच्यापुढं धरला. “बाळ कुठाय? बच्चा!” ती बघत राहिली. मी दोन्ही हात जोडून झोका दिल्यासारखं करून दाखवलं आणि पाळण्यात बोट घालून तो रिकामा असल्याचं दाखवलं.

बाई हसली. चांगली मोठ्यानं हसली, आणि नको नको म्हटल्यासारखी मान हलवली.

मला असा राग आला की हातातला पाळणा तिथंच आपटावा असं वाटलं. “हसतीस काय? माझी पोरगी तिकडं दवाखान्यात आहे!”

हे मी मराठीतच ओरडलो. रियासत मधे आला. तो तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलला, हलक्या आवाजात. बोलता बोलता त्यानं आपल्या पोटावर हात ठेवून दाखवला. बाईचं हसणं थांबलं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडं नीट बघितलं. मग ती बोलायला लागली, सावकाश, मला समजावं म्हणून असेल, एकेक शब्द सुटा करून.

“अंकलजी,” रियासत म्हणाला, “ये कहती है, भूली नहीं. बच्चा अभी रखते ही नहीं. चौबीस तारीख़ को रखते हैं, जब पैदा होता है. पैदा हुआ नहीं तो रखें कैसे? तब तक ये ख़ाली ही रहता है. सबके घर में ख़ाली है.”

बाईनं मागच्या मांडणीकडं हात केला. मी बघितलं. लहान-मोठे कितीतरी गोठे ओळीनं लावले होते. प्रत्येकात आई, बाप, बैल, गाढव. आणि प्रत्येकात मधली जागा मोकळी. दुपारी मी गर्दीकडं तोंड करून उभा होतो, म्हणून मला ते दिसलं नव्हतं.

“फिर हमारा बच्चा किधर है?”

रियासतनं विचारलं. बाईनं उत्तर दिलं आणि दोन बोटांनी पुडी बांधल्यासारखं केलं.

“दे दिया है, कहती है. अलग पुड़िया में, बिटिया के हाथ में. बोला था, छुपा के रखना, चौबीस तक खोलना मत.”

बाईनं माझ्या हातातून पाळणा घेतला. त्याला कणीक लागली होती, ती तिनं फुंकून काढली. मग दुकानातलंच थोडं वाळलेलं गवत चिमटीत घेऊन आत पसरलं, बोटानं दाबून सारखं केलं आणि पाळणा माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. माझा हात तिनं जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

“क्या बोली?”

“बोली, बिस्तर तैयार रखो.”

आम्ही परत आलो. दुकानापाशी रियासत म्हणाला, “जो भी ख़बर आए, बताना. मैं जाग रहा हूँ.” मी वर आलो.

फोन अजून वाजला नव्हता. दिवा लावला आणि पाळणा टेबलावर होता तिथं ठेवला, आई आणि बापाच्या मधोमध. ठेवताना तो हलला. मी धरला नाही. आपला आपण थांबला.

मग मी आत गेलो, खाटेखालची बॅग ओढली आणि कपडे बाजूला करून इंदूची साडी बाहेर काढली. अजून तिला घरातल्या कपाटाचा वास होता. मी ती मांडीवर घेतली आणि घडी उलगडली.

दुसऱ्या घडीत तपकिरी कागदाची लहानशी पुडी होती. वर लाल दोऱ्याची गाठ.

पुडी मी आणलेली नव्हती. मी ती हातात घेतली. चिंचोक्याएवढं काहीतरी आत लागलं. उघडली नाही. तशीच हातात घेऊन बसलो, आणि फोन वाजला.

“बाबा?”

मृणालच होती. हर्षदराव नाहीत, ती स्वतः. मी फोन कानाला घट्ट धरला.

“बाबा, ऐकताय ना? सगळं ठीक आहे. झोपलं होतं म्हणे. मशीन लावलं आणि जे लाथा मारायला लागलंय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं वाटलं की लगेच यायचं, बरं केलं आलात. थोडा वेळ ठेवून घेतील आणि सोडतील.”

“हर्षदराव कुठायत?”

“इथंच आहे तो. रडतोय. त्याच्याशी आत्ता बोलू नका.”

“बरं.”

“बाबा, पाळणा कुठं आवरून ठेवलात तुम्ही?”

“टेबलावर आहे. मधोमध.”

पलीकडून कुणाची तरी चाकाची खाट गेल्याचा आवाज आला.

“आणि ही पुडी,” मी म्हणालो, “माझ्या बॅगेत काय करतीय?”

“सापडली?” ती जरा हसली. मग म्हणाली, “परवा तुमचा स्वेटर काढायला गेले, तेव्हा साडी दिसली. तुम्ही लपवून ठेवलीय म्हणून मी बोलले नाही. आज ते घेतलं खरं, पण घरी आल्यावर ठेवायचं कुठं कळेना. घरात काही आणू नका म्हणाली होती ना आई. मग तुम्ही चहा करत होता तेवढ्यात तिथं ठेवलं. म्हटलं, चोवीस तारखेपर्यंत आईकडं राहू दे.”

फोन ठेवल्यावर मी पुडी होती त्या घडीत परत ठेवली. खाली जाऊन रियासतला सांगून आलो. मग कुकर लावला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चोवीस तारखेला मृणालनं पुडी सोडली आणि बाळ त्या गवतावर ठेवलं. आमची नात जानेवारीच्या शेवटाला झाली. फोन आला तेव्हा मी घरी एकटाच होतो. हर्षदराव म्हणाले, “बाबा, येताना दुपटी घेऊन या.”

मी साडी जमिनीवर पसरली. काठावर इंदूनं कधीतरी घातलेले रफूचे टाके होते. ते हातानं चाचपले. बराच वेळ माझा हात पुढं होईना. मग काठाला दातानं चीर दिली आणि उभ्या धाग्यानं ओढलं.

सरळ फाटली.